दोन वाजताची देवघेव

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळे माझ्या घरी जमले ते माझ्या सहीसाठी.

कागद टेबलावर होता. एकच पान, टाइप केलेलं. मुलीने ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता हॉस्पिटलच्या चौकशी समितीची शेवटची बैठक होती आणि तिथे हा कागद द्यायचा होता. त्यावर माझी सही झाली की नवीची नोकरी जाणार होती. नुसती नोकरी नाही, नर्स म्हणून तिचं नाव जिथे नोंदलेलं असतं तिथूनही ते निघणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

नवी म्हणजे बायकांच्या वॉर्डातली नवी सिस्टर. माझी बायको गेली त्या दुपारी दोनच्या पाळीला ती कामावर आली होती. तेव्हा तिला लागून दीड महिना झाला होता. त्याला आता आठ महिने झाले, तरी अख्खं हॉस्पिटल तिला नवीच म्हणतं.

मुलगी माझ्या समोर बसली. ती थोरली, राजधानीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीसुद्धा. चौकशी व्हायलाच हवी हा हट्ट तिचा. तिच्या बाजूला मुलगा आणि सून. मुलगा आपल्याच हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर आहे. लहानपणापासून हातात पक्कड असायची म्हणून त्याचा मामा त्याला पक्कडच म्हणतो. सून त्याच बायकांच्या वॉर्डात सिस्टर आहे. त्या दिवशी सकाळची पाळी तिची होती. आणि मामा, माझ्या बायकोचा भाऊ, दाराजवळच्या खुर्चीत. तीस वर्षं त्याने ॲम्ब्युलन्स चालवली. अजूनही कुठे गेला तरी दाराजवळच बसतो.

“बाबा, वाचून घ्या,” ताई म्हणाली.

“वाचलं.”

“मग?”

“चष्मा पुसतो.”

“वाचून झालं म्हणालात ना? आता चष्मा कशाला?”

“अगं, सही ओळीवर यायला नको?” मामा म्हणाला. “मी तर हॉर्न वाजवायलाही चष्मा घालायचो.”

कुणी हसलं नाही. सुनेने घड्याळाकडे पाहिलं. एरवी तिची पाळी सकाळची, पण रविवारी दुपारची असायची, म्हणून तिला दोनला जायचं होतं. आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. बायकोने तसं लावलं होतं, पाळीला उशीर होऊ नये म्हणून. मी ते हलवलेलं नाही.

कागदावर असं होतं: दुपारी दोनच्या पाळीबदलाच्या वेळी मी खाट क्रमांक चारजवळ बसलो होतो. सकाळच्या सिस्टरने रुग्णाची सर्व माहिती, सिलिंडर बदलण्याच्या वेळेसह, मोठ्याने सांगितली. त्यावर ‘घेतलं’ हा शब्द मी स्वतः ऐकला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेच अवघड होतं.

‘घेतलं’ हा शब्द आमच्या घरातून हॉस्पिटलात गेला. आज तिथे तीनशे खाटा आहेत, पण आधी नदीपलीकडे तापाच्या रोग्यांसाठी पत्र्याच्या नऊ शेड होत्या. माझी आई तिथली पहिली सिस्टर. एकदा एका बाईला अंथरूण बदलायला म्हणून शेडच्या बाहेर आणून ठेवलं आणि तेवढ्यात पाळी बदलली. जाणारीला वाटलं, येणारी आत घेईल. येणारीला वाटलं, जाणारीने घेतलं असेल. ती बाई संध्याकाळपर्यंत उन्हात होती. ती वाचली नाही. दुसऱ्या दिवसापासून आईने नियम केला. जाणाऱ्या सिस्टरने एकेका खाटेशी उभं राहून रोग्याचं सगळं सांगायचं आणि शेवटी ‘देते’ म्हणायचं. येणारीने ‘घेतलं’ म्हणायचं. ‘घेतलं’ कानावर येईपर्यंत पुढच्या खाटेकडे जायचं नाही. याला हॉस्पिटलात देवघेव म्हणतात.

पुढे शेड गेल्या, विटांची इमारत आली. एक्स-रे आला, बाळंतपणाचा वॉर्ड झाला, रक्तपेढी झाली. आता डायलिसिसची चार मशीनं आहेत. साप चावलेल्या माणसाला पाच-पाच तासांवरून इथेच आणतात, कारण इंजेक्शन इथे असतं आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. मी तेहेतीस वर्षं तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये होतो, हे सगळं येताना मी कागदांवर बघितलं. डॉक्टर बदलले, साहेब बदलले, देवघेव कुणी बदलली नाही. आमच्या घरात तर बाळसुद्धा एका हातातून दुसऱ्या हातात असंच जायचं. समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. ताई आणि पक्कड दोघेही तसेच वाढले.

“सही करा आणि संपवा बाबा,” पक्कड म्हणाला. “समितीचा तो साहेब मला तीनदा विचारून गेला, व्हॉल्व्ह तू बंद केला होतास का म्हणून. केला होता! चार दिवस आधी नोटीस लावून केला होता. जुना व्हॉल्व्ह गळत होता. म्हणून तर त्या बाजूच्या खाटांना सिलिंडर लावले होते.”

“तुला कुणी काही म्हणालंय का?” ताईने विचारलं.

“म्हणत कुणीच नाही गं. बघतात. प्लँटवर जाताना सगळे बघतात, हाच तो म्हणून.”

“म्हणून सही पाहिजे तुला?”

“मला नाही पाहिजे. कागद तू टाइप करून आणलायस, ताई.”

मामा खुर्चीतून पुढे झुकला. “मी एक बोलू? त्या पोरीला मी बघितलंय. सुई हातात घेतली की पेशंटच्या आधी तिचेच डोळे मिटतात. इतकी भित्री पोरगी समितीसमोर आठ महिने एकच एक खोटं धरून बसेल? मला नाही पटत.”

“मग वहिनी खोटं बोलतेय?” ताई म्हणाली.

“तसं कुठे म्हणालो मी?”

“दोघींपैकी एक खोटं बोलतेय, मामा. नवीचा जबाब मला पाठ आहे. ‘चार नंबरला मी घेतलं म्हटलं नाही.’ वहिनी म्हणते म्हटलं. तिसरं काही असूच शकत नाही.”

सुनेने घड्याळावरची नजर काढली. आता ती म्हणाली, “मी ऐकलं, ताई. शपथेवर सांगते. ‘सिलिंडर अडीचपर्यंत पुरेल, त्याच्या आत बदलायचा, देते’ असं मी म्हटलं आणि ‘घेतलं’ असं मला ऐकू आलं. स्पष्ट.”

सून खोटं बोलत नव्हती. ते या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

त्या वेळी ताईच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला पुढे सांगितलं, म्हणून इथे लिहितो. आईला दाखल केलं तेव्हा पक्कडने तिला फोन केला होता आणि ती म्हणाली होती, शनिवारी येते. बुधवार होता तो. न्यूमोनिया आहे, औषध बरोबर चाललंय, मी येऊन वेगळं काय करणार, असा तिने डॉक्टरसारखा विचार केला. आई शुक्रवारी गेली. त्यानंतर तिला एका माणसाची चूक पाहिजे होती. एकाच माणसाची, म्हणजे त्या शनिवारचा हिशेब कुणी मागणार नाही. पण सुनेचं ‘ऐकू आलं’ तिच्या कानाला खटकलं. रोज पेशंटची उत्तरं ऐकायचं तिचं काम. माणूस ‘दुखतं’ म्हणतो आणि ‘दुखल्यासारखं वाटतं’ म्हणतो, त्यातला फरक तिला कळतो.

“ऐकू आलं म्हणजे?” ताईने विचारलं. “तिला म्हणताना बघितलंस का?”

“ऐकलं.”

“मी बघितलंस का विचारतेय.”

सुनेने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी पाच नंबरचा कागद हातात घेतला होता. त्यावरचा डोस वाचत होते.”

“म्हणजे पाठ होती तुझी.”

“पाठ नाही. बाजूला वळले होते.”

“वहिनी, पाठ होती की नव्हती?”

“ताई, बास!” पक्कड उठून उभा राहिला. “तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“आईच्या.”

“आई हिचीही होती.”

“हिची सासू होती.”

“हो, सासू,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “लग्न होऊन आले त्याच महिन्यात मला त्या वॉर्डात पाठवलं. नऊ वर्षं सकाळची पाळी माझी आणि दुपारची इन्चार्ज त्या. रोज दोन वाजता मी माझ्या सासूला बावीस खाटा हातात द्यायचे, ताई. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर त्या काही बोलायच्या नाहीत. वॉर्डात एक टेंपरेचर राहिलं तर सगळ्यांसमोर सोलून काढायच्या. तुम्ही वर्षातून दोनदा येत होतात. मला कमी दुःख झालं असेल असं तुम्ही समजू नका.”

ताईने फोल्डरची कड बोटाने सरळ केली. मामाने उगाच दाराची कडी वाजवली. मी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

“बाबा, तुमचं काय?” पक्कड वळून माझ्यावरच आला. “तुम्ही पहिल्याच जबाबात हो म्हणालात. आता कसला विचार करताय?”

हे खरं होतं. बायको गेल्यावर आठव्या दिवशी हॉस्पिटलचा कारकून घरी आला होता. मी ओळखतो त्याला, रेकॉर्ड रूममध्ये माझ्या हाताखाली होता. त्याने छापील कागदावरचा प्रश्न वाचला. ‘पाळीबदलाच्या वेळी घेतलं हा शब्द ऐकला का? होय किंवा नाही.’ मी होय म्हणालो. त्याने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. कोणी म्हटलं, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. सिस्टरशिवाय दुसरं कोण म्हणणार, असं तो कागद करणाऱ्याला वाटलं असेल.

साडेबाराच्या सुमाराला दार वाजलं. मामाने बसल्या जागेवरूनच उघडलं.

नवी होती. पांढऱ्या युनिफॉर्मवर स्वेटर, खांद्याला डब्याची पिशवी. तिचीही दोनचीच पाळी होती. आत आमचा सगळा दरबार बघून ती उंबऱ्यावरच थबकली.

“मी नंतर येते,” ती म्हणाली.

“नंतर म्हणजे कधी?” ताई म्हणाली. “उद्या दहानंतर? आणि इथे येणं बरोबर नाही, माहीत आहे ना तुला? साक्षीदाराला भेटायला आलीस असं लिहितील.”

“माहीत आहे.”

“मग?”

“आत तर येऊ दे तिला,” मामा म्हणाला. “दारात उभं करून काय बोलतेस? ये गं. बस इथे, माझ्या खुर्चीत.”

ती बसली नाही. सुनेकडे बघून म्हणाली, “सिस्टर, तुम्ही आठ महिने माझ्याशी देवघेवीपलीकडे एक शब्द बोलला नाहीत. रोज बावीस वेळा देते म्हणता, मी बावीस वेळा घेतलं म्हणते. तेवढंच.”

“काय बोलू?” सून म्हणाली.

“तेच. मलाही कळत नाही.” मग ती मला म्हणाली, “काका, त्या दिवसाचं मी समितीला सांगितलं तेच सांगते. आम्ही एक, दोन, तीन नंबर बरोबर केले. तीनला असताना आठ नंबरच्या बाईला उलटी व्हायला लागली, सिस्टर चारचा कागद काढत होत्या तोवर मी तिकडे पळाले. तिला कुशीवर केलं, तोंड पुसलं. परत आले तर सिस्टर पाचला उभ्या होत्या. पाचचं त्यांनी दिलं, मी घेतलं.”

“आणि चार?” ताई म्हणाली. “मध्ये एक खाट गेली, तुला कळलं नाही? विचारायला तोंड नव्हतं?”

“कळलं ना.” नवीच्या हातातली पिशवी खाली आली. “मला वाटलं, चार नंबर त्यांच्या घरचाच पेशंट. सासूबाई आहेत. त्या पाळी संपली तरी थांबून स्वतः बघणार असतील, म्हणून त्यांनी दिला नाही. सिस्टरना कसं विचारायचं, असं वाटलं. एवढी माझी चूक आहे. ती मी लिहून दिली आहे. पण मी घेतलं म्हटलं नाही.”

सून म्हणाली, “अगं, मग मी ऐकलं ते काय होतं?”

“मला नाही माहीत, सिस्टर. म्हणून तर इथे आले.” ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही तिथेच होतात. मला एकच सांगा. तुम्ही ऐकलं तो आवाज माझा होता का?”

आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कारकुनाने नाही, समितीने नाही, माझ्या पोटच्या पोरांनी नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला उत्तर सापडलं नाही. विचारलं नाही, म्हणून मी गप्प राहिलो, इतकंच मी स्वतःला सांगत होतो.

“नाही,” मी म्हणालो. “तुझा नव्हता.”

पक्कड खाली बसला. ताईने कागदावरचा हात उचलला.

“बाबा? मग कोण म्हणालं?”

“तुझी आई.”

कुणाला कळलंच नाही. ताई म्हणाली, “आई काय?”

“घेतलं, असं तुझी आई म्हणाली. खाटेवरून.”

मग मी सगळं सांगितलं. जसं झालं तसं.

त्या दिवशी सकाळपासून तिचे डोळे मिटलेलेच होते. तोंडावर मास्क होता. दोन वाजता देवघेव सुरू झाली तशी तिने डोळे उघडले. खुर्च्या सरकल्याचा, कागद चाळल्याचा आवाज तिने अडतीस वर्षं ऐकला होता. तिने मास्क हाताने थोडा वर केला. सून चार नंबरशी आली, सगळं नीट सांगितलं, एक गोष्ट सोडली नाही, आणि पाच नंबरचा कागद उचलता उचलता ‘देते’ म्हणाली. मागे नवी नव्हती. आणि माझी बायको इन्चार्जच्या आवाजात म्हणाली, ‘घेतलं.’ आजारी माणसाचा आवाज नव्हता तो. वॉर्डातला होता. सून पुढे गेली.

“मी हसलो,” मी म्हणालो. “तिने माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. मग मास्क खाली केला आणि हाताने मला खूण केली, जा, जेवून या. मी कँटीनला गेलो. परत आलो तेव्हा पावणेतीन होऊन गेले होते. सिलिंडरचा काटा तळाला होता आणि ही पोरगी तिच्या छातीवर दाब देत होती. घामाने भिजली होती.”

“तुम्हाला माहीत होतं,” ताई हळू म्हणाली. “सिलिंडर अडीचला संपणार हे तुम्ही ऐकलं होतं. नवी तिथे नाही हे बघितलं होतं.”

“हो.”

“आणि जेवायला गेलात.”

“हो. तिने घेतलं म्हटलं की मी आयुष्यात कधी मागे वळून बघितलं नाही, ताई. बिल असो, पाहुणे असोत, तुमचे ताप असोत. तिने घेतलं म्हणजे झालं. मला वाटलंच नाही की ती आजारी आहे.”

पक्कडने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मामा दाराजवळची खुर्ची सोडून टेबलाशी येऊन उभा राहिला.

सून कधी माझ्या खुर्चीशी आली ते मला कळलं नाही. “बाबा, त्यांचा आवाज होता?” तिने विचारलं. “नक्की?”

“नक्की.”

“म्हणून,” ती म्हणाली. “म्हणून मला काहीच वेगळं वाटलं नाही. आठ महिने मी तो आवाज आठवतेय. नवीचा म्हणून आठवायला जाते आणि तो बसतच नाही. भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही. मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय.” ती खाली बसली, फरशीवरच. “नऊ वर्षं दोन वाजता ज्या आवाजाला वॉर्ड दिला, तोच आवाज आला. माझ्या कानाला वाटलं, दिला. बरोबर हातात दिला.”

नवी रडायला लागली. सुनेने तिचा हात धरला आणि तिला आपल्याशेजारी खाली बसवलं. आठ महिन्यांनी.

ताई मात्र माझ्याकडेच बघत होती. “आठ महिने, बाबा! मी तिकडून दर आठवड्याला समितीला पत्रं लिहितेय. ही मुलगी रोज मरतेय. वहिनी वेडी व्हायची राहिली. आणि तुम्ही इथे बसून…! का?”

मला नीट सांगता आलं नाही. इथे सांगायचा प्रयत्न करतो. रेकॉर्ड रूममध्ये मी मेलेल्या माणसांच्या फायली लावल्या. माणूस साठ वर्षं जगलेला असतो आणि फायलीत शेवटची एक ओळ असते, तीच लोक वाचतात. ‘उशिरा आणले.’ ‘औषध घेतले नाही.’ माझ्या बायकोच्या फायलीत लागली असती, ‘रुग्णाने स्वतःच उत्तर दिले.’ अडतीस वर्षांत तिने देवघेव एकदाही चुकवली नव्हती. आणि पुढे कायमचं तिच्या नावावर तेच राहिलं असतं.

आणि दुसरं. ती माझ्याकडे बघून हसली ते शेवटचं होतं. ती गंमत करत होती की तापात सवयीने बोलली, मला आजही माहीत नाही. पण ते माझ्याकडे होतं, दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. समितीच्या टेबलावर ते ठेवायला माझा हात होईना. मी ताईला एवढंच म्हणालो, “लाज वाटली. आणि द्यावंसं वाटेना.”

ताईने टेबलावरचं फोल्डर बाजूला सारलं. मग तिने टाइप केलेला कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. माझ्या हातातलं पेन तिने काढून घेतलं.

“सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

“वकिलाला विचारू या का आधी?” पक्कड म्हणाला. “हिच्यावर येईल, ताई. न बघता पुढे गेली म्हणून.”

“येऊ दे,” सून फरशीवरून म्हणाली. “लिहा, ताई. माझी नजर कागदाकडे होती हेही लिहा. मी उद्या बाबांबरोबर येते आणि माझ्या तोंडाने सांगते.”

“तुला काढतील,” पक्कड म्हणाला.

“काढतील किंवा नाही काढणार. मी ऐकलं म्हणून सांगत होते ते खरं होतं. बघितलं नाही हेही खरं आहे. दोन्ही त्यांच्याकडे असू दे.”

“आणि मी नोटीस एकाच दारावर लावली होती,” पक्कड अचानक म्हणाला. “दुसऱ्या दारावर चिकटपट्टी संपली म्हणून राहिली.”

“त्याचा काय संबंध?” ताई म्हणाली.

“काही नाही. सगळे सांगताहेत म्हणून सांगितलं.”

मामा खोकला. “माझ्या गाडीची स्टेपनी दोन वर्षं पंक्चर होती. तेही लिहून टाक.”

या वेळी नवी हसली. रडता रडताच हसली, आणि मग सुनेलाही आवरलं नाही. 

मी सांगत गेलो, ताई लिहीत गेली. तिचं अक्षर डॉक्टरांसारखं नाही. आईने घोटून घेतलेलं आहे, स्वच्छ. एका जागी तिचं पेन थांबलं.

“‘ती हसली.’ हे लिहू?”

मी खिडकीकडे बघितलं.

“बाबा, हे नाही लिहिलं तरी चालेल. समितीला त्याचं काय? आवाज कोणाचा, एवढंच त्यांना पाहिजे.”

“लिही,” मी म्हणालो. “नाहीतर फायलीत नुसतं उत्तर दिलं एवढंच राहील.”

तिने लिहिलं. मी सही केली. ओळीवर आली.

आमच्या घड्याळात दीड झाला होता, म्हणजे एक वीस. सून उठली, तोंड धुऊन आली, केस बांधले. नवीने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि डब्याची पिशवी उचलली. दोघी एकाच वेळी दाराशी गेल्या आणि चपला एकमेकींच्या पायात आल्या. “ही तुझी,” “नाही, ही तुमची, सिस्टर,” असं काहीतरी चाललं होतं. आठ महिन्यांचं बोलणं कुठून तरी सुरू व्हायला पाहिजे होतं.

चप्पल घालता घालता सून मला म्हणाली, “बाबा, दोनची गोळी डबीत वरच्या खणात आहे. पाण्याबरोबर, उपाशी नाही. ताईंना जेवायला वाढा. देते.”

एरवी ती हे बोलत बोलत जिना उतरलेली असते. आज ती वळली. माझ्या तोंडाकडे बघत दारात उभी राहिली. नवीही थांबली.

“घेतलं,” मी म्हणालो.

माझे ओठ हललेले तिने बघितले. मग त्या दोघी गेल्या.